लग्नाच्या दिवशी तुला काय माहीत होतं? भुसावळच्या एका विवाहाचं प्रकरण

हे प्रकरण ज्या बाईंचं आहे त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं बदलली आहेत, काही तपशील मुद्दाम पुसट ठेवले आहेत. मी धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजाच्या, कुटुंब समितीचं काम बघतो. वकील नाही आणि धर्मगुरूही नाही. अर्ज लिहायला बसणं, कागद लावणं, साक्षीला जाणाऱ्यांना धीर देणं एवढाच माझा यातला वाटा. लिहिण्याचं कारण असं की कोर्टातून घटस्फोट मिळाला म्हणजे चर्चचं काम नुसत्या शिक्क्याचं उरलं, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं तर पहिलं लग्न मुळातच निरर्थक होतं असं चर्चच्या न्यायपीठाकडून ठरवून घ्यावं लागतं. तिथे चर्च वेगळाच प्रश्न विचारतं, आणि त्याच्या उत्तराला लागणारे पुरावेही वेगळे असतात.

पार्श्वभूमी

सुनीता भुसावळची. वडील रेल्वेत, मूळ गाव नगर जिल्ह्यात. खानदेशात मराठी कॅथलिक घरं मोजकी आणि विखुरलेली. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या बिशपांच्या अधिकाराखाली, येतात. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला. इथल्या मुलींची स्थळं साहजिकच नगर, पुणे, नाशिककडून, नात्यागोत्यातून येतात. आणि मधला माणूस सांगेल त्यावर घर विसंबतं, कारण दोनशे ते चारशे किलोमीटरवर जाऊन मुलाची चौकशी कोण करणार?

अनिलचं स्थळ २०१३ च्या दिवाळीनंतर आलं. ते आणलं त्याच्या मामांनी. मुलगा पुण्याकडे कंपनीत, पगार बरा, घरी रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना. दोन भेटी झाल्या, साखरपुडा झाला, विवाहपूर्व शिबिर झालं, तीन रविवार चर्चमध्ये बॅन्स, म्हणजे होणाऱ्या लग्नाची जाहीर घोषणा, वाचले गेले. कोणी आक्षेप घेतला नाही. लेंटचा उपवासकाळ आणि ईस्टर झाल्यावर मे २०१४ मध्ये भुसावळलाच लग्न लागलं.

२०१५ मध्ये मुलगी झाली. तिच्या बाप्तिस्म्यासाठी फादरांनी आईवडिलांचा विवाहाचा दाखला मागितला म्हणून सुनीताने पुण्याच्या घरातलं कपाट उघडलं. एलआयसीच्या पावत्यांच्या प्लॅस्टिक फाइलमध्ये दाखला सापडला, आणि त्याच्यामागे घडी घातलेलं व्यसनमुक्ती केंद्राचं डिस्चार्ज कार्ड. तारीख फेब्रुवारी २०१३. निदान: दारूचं अवलंबित्व. पूर्वी एकदा उपचार होऊन पुन्हा पिणं सुरू झाल्याची नोंद. घरी घ्यायच्या गोळ्यांत डायसल्फिरॅम, दारू सोडवण्यासाठी देतात ते औषध. खाली ‘रुग्णासोबतचे नातेवाईक’ या ओळीवर सही होती ती मामांची. स्थळ घेऊन आले होते तेच मामा.

ती बाळाला घेऊन भुसावळला निघून आली. दोन-अडीच महिन्यांनी अनिल येऊन रडला, बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, आणि ती परत गेली. पुढचं सांगण्यात नवीन काही नाही: नोकरी सुटली, मारहाण झाली, दागिने गेले. २०१७ मध्ये ती कायमची माहेरी आली. २०१८ मध्ये तिचे वडील वारले. दोन वर्षं वेगळं राहणं पूर्ण झाल्यावर २०१९ मध्ये परस्पर संमतीचा अर्ज घातला. मधे कोविड आला. २०२१ मध्ये हुकूमनामा हातात पडला.

अडचण

२०२२ च्या सुरुवातीला धुळ्याकडचं एक स्थळ आलं. विधुर शिक्षक, कॅथलिक, स्वभावाने शांत. सुनीताची आई फादरांकडे तारीख विचारायला गेली तेव्हा फादरांनी सांगितलं, “बाई, कोर्टाच्या दृष्टीने सुनीता मोकळी आहे. चर्चच्या दृष्टीने तिचं लग्न अजून उभं आहे.”

घरात वादळ झालं. आईला वाटलं फादर अडवणूक करतात. भाऊ म्हणाला, बिशप हाउसला कोणी ओळखीचं बघू. सुनीताला आणखी एक धक्का बसला. २०१७ पासून ती मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायची, पण कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र प्रसादाच्या, रांगेत उभी राहायची नाही. ‘घटस्फोटितेने घ्यायचं नसतं’ असं कोणीतरी नात्यातल्या बाईने सांगितलं होतं. फादर म्हणाले, असा नियमच नाही. घटस्फोट घेऊन एकट्या राहणाऱ्या व्यक्तीला केवळ त्या कारणाने कम्युनियनची मनाई नाही. प्रश्न उभा राहतो तो पहिलं लग्न चर्चच्या लेखी कायम असताना दुसरं केलं तर. ऐकीव गोष्टीवर पाच वर्षं गेली होती, आणि त्याबद्दल मला आजही चीड येते.

आईची खरी भीती मात्र निराळी होती आणि ती तिने मला एकटं गाठून सांगितली. “सर, लग्नच झालं नव्हतं असं चर्चने लिहून दिलं, तर माझी नात कोणाची ठरेल?” ही भीती घरोघर आढळते. धर्मसभेच्या कायद्यात तिचं उत्तर स्वच्छ आहे. निदान एका पक्षाने सद्भावाने केलेल्या लग्नात झालेली मुलं औरसच असतात, मग ते लग्न पुढे निरर्थक ठरो. कॅनन, म्हणजे त्या कायद्याचं कलम, ११३७ हेच सांगतो. शिवाय चर्चच्या निकालाचा देशाच्या कायद्यावर काही परिणाम होत नाही, त्यामुळे मुलीचं नाव, वारसा, पोटगी यांना हातही लागत नाही. हे आईला मी दोनदा सांगितलं, फादरांनी एकदा. तिसऱ्यांदा नाशिकच्या एका सिस्टरनी सांगितलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

कोणते मार्ग समोर होते

रजिस्टर लग्न हा सगळ्यात जवळचा रस्ता होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची, मुदत संपली की सह्या करायच्या. कायद्याने पक्कं. पण दोघांनाही चर्चमध्येच लग्न हवं होतं, आणि त्या शिक्षकाच्या बहिणीने तर स्पष्टच सांगितलं होतं की कम्युनियन सोडावं लागेल असं लग्न आमच्याकडे चालणार नाही.

दुसरा सल्ला नंदुरबारच्या एका नातेवाइकाचा. त्या जिल्ह्यात प्रॉटेस्टंट मिशनचं काम जुनं आहे, पास्टर ओळखीचे आहेत, तिथे लग्न लावून घ्या. याचा मोह किती जणांना पडतो ते मी बघत आलो आहे. पण कॅथलिक व्यक्तीला लग्नाचा ठरलेला विधी बंधनकारक आहे, आणि त्याआधी पहिल्या विवाहबंधनाचा अडथळा आहेच. चर्च बदललं म्हणून तो अडथळा हटत नाही. पुढे मुलांच्या बाप्तिस्म्याच्या, पहिल्या कम्युनियनच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

भावाच्या वकिलाने तिसरं सुचवलं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात फसवणुकीने संमती घेतली असेल तर विवाह शून्य ठरवून घेण्याची सोय आहे, ती वापरायला हवी होती. तोवर घटस्फोट होऊन गेला होता, म्हणून ही चर्चा निव्वळ चर्चाच राहिली. शिवाय दिवाणी न्यायालयाने लग्न शून्य ठरवलं असतं तरी चर्चने आपला निवाडा स्वतंत्रपणेच केला असता.

याची उलटी बाजूही सांगून टाकतो, कारण उलटी चूक जास्त महागात पडते. काही जण आधी चर्चमधून निकाल घेतात आणि कोर्टाकडे फिरकत नाहीत. मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबॅस्टियन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं की चर्चच्या न्यायपीठाने विवाह निरर्थक ठरवला तरी कायद्याच्या दृष्टीने तो तसाच उभा राहतो. अशा निकालांना मान्यता मिळावी म्हणून क्लॅरेन्स पैस यांनी केलेली याचिकाही २०१७ मध्ये फेटाळली गेली. म्हणजे दोन दारं आहेत आणि दोन्हींतून जावं लागतं. कोर्टाचा हुकूमनामा नसताना चर्चच्या कागदावर दुसरं लग्न केलं तर ते कायद्याने टिकत नाही, आणि द्विविवाहाचा गुन्हा अंगावर येऊ शकतो.

राहिला चर्चच्या न्यायपीठाचा मार्ग. त्यातही वाटा होत्या. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत केली आणि त्या वर्षीच्या ८ डिसेंबरपासून नवे नियम लागू झाले. पूर्वी दोन न्यायपीठांचे एकसारखे निकाल लागायचे, आता एक पुरतो. बिशपसमोरची लहान प्रक्रियाही तेव्हाच आली. सुनीताच्या भावाने ‘लहान प्रक्रिया’ हे शब्द वाचले आणि तोच हट्ट धरला. पण ती सर्वांसाठी नाही. दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो, किंवा एकाच्या अर्जाला दुसऱ्याची संमती लागते, आणि वस्तुस्थिती इतकी उघड असावी लागते की फारसा तपास करायची गरजच पडू नये. अनिल फोनही उचलत नव्हता. त्यामुळे नेहमीचीच लांब वाट उरली.

अर्ज: पहिला आणि दुसरा

पहिला अर्ज वकिलाने लिहिला होता. अकरा पानी, टाइप केलेला. त्यात मारहाण होती, दागिने होते, शेजाऱ्यांनी पोलिसांना केलेला फोन होता. धर्मप्रांताच्या न्यायपीठाकडून तो एका चिठ्ठीसह परत आला. चिठ्ठीचा आशय असा: हे सगळं लग्नानंतरचं आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी तुम्हाला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं, ते लिहा.

सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या चिठ्ठीत होती. कोर्ट बघतं की संसार चालू शकतो का. चर्चची श्रद्धा अशी की यथाविधी झालेलं आणि सहवासाने पूर्ण झालेलं ख्रिस्ती लग्न कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही. म्हणून न्यायपीठ लग्न मोडत नाही. वेदीपुढे ‘हो’ म्हटलं गेलं तेव्हा ते ‘हो’ खरं होतं का, एवढंच ते तपासतं. लग्नानंतरची मारहाण कितीही भयंकर असली तरी स्वतःहून ती काही सिद्ध करत नाही. लग्नाआधीच्या कशावर ती प्रकाश टाकत असेल तर तेवढ्यापुरती ती उपयोगाची.

दुसरा अर्ज सुनीताने स्वतःच्या हाताने लिहिला. चार पानं. मी फक्त तारखा तपासल्या. स्थळ कसं आलं, कोण काय म्हणालं, तिने अनिलला साखरपुड्यानंतर फोनवर थेट विचारलं होतं का. विचारलं होतं. “तू घेतोस का रे कधी?” आणि उत्तर होतं, “आमच्या घरात बाटली कोणी पाहिली नाही.” मग डिस्चार्ज कार्ड, मामांची सही, आणि कार्ड सापडल्याच्याच आठवड्यात तिने भुसावळ गाठलं ही गोष्ट.

अर्ज कुठे करायचा यावरही खल झाला. लग्न जिथे झालं ते ठिकाण, दोघांपैकी कोणाचंही राहण्याचं ठिकाण, किंवा बहुतेक पुरावे जिथे मिळतील ते ठिकाण, यांपैकी कुठलंही न्यायपीठ चालतं. पुण्यात उपचार झाले होते आणि मामाही तिकडेच. पण सुनीताची नोकरी, लहान मुलगी आणि आईचे गुडघे बघता नाशिक धर्मप्रांतच सोयीचा होता. पुण्याच्या साक्षी तिथल्या न्यायपीठामार्फत नोंदवून घेता येतात. एक न्यायपीठ दुसऱ्याची अशी मदत मागू शकतं. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो.

कारणं दोन मांडली गेली. पहिलं कॅनन १०९८: संमती मिळवण्यासाठी केलेली फसवणूक, आणि तीही अशा गोष्टीबद्दल की जिच्यामुळे संसार मुळापासून हादरू शकतो. हे कारण चर्चच्या कायद्याच्या १९८३ च्या संहितेत नव्याने आलं, १९१७ च्या जुन्या संहितेत नव्हतं. फसवणूक जोडीदारानेच करावी असंही नाही, तिसऱ्याने केली तरी चालते. दुसरं कॅनन १०९५, तिसरा भाग: मानसिक कारणांमुळे विवाहाची मूलभूत कर्तव्यं पेलण्याची क्षमताच नसणं. हे दुसरं कारण सल्लागाराने ‘असू द्या, एक फसलं तर दुसरं’ म्हणून घातलं.

साक्षी आणि एक अवघड वळण

साक्षीदार कॅथलिकच हवेत असं नाही. सुनीताच्या बाजूने सगळ्यात ठाम साक्ष झाली ती शेजारच्या लेवा पाटील काकूंची. कार्ड घेऊन सुनीता आली त्या रात्री काकूच तिच्याजवळ बसून होत्या. तारीख त्यांना आठवत नव्हती, पण घरात भरताच्या वांग्यांची पहिली पाटी आली होती हे आठवत होतं. म्हणजे हिवाळ्याची सुरुवात, आणि ती कार्ड सापडण्याच्या काळाशी बरोबर जुळली.

मामा बोलले नाहीत. मामी बोलल्या. पुण्यात नोंदवलेल्या जबाबात त्यांनी सांगितलं की केंद्रातून आणल्यावर घरात बैठक झाली होती आणि तिथे ठरलं की लग्न लावून दिलं की पोरगा ठिकाणावर येईल, मुलीकडच्यांना आत्ता काही बोलायचं नाही. मामींना हे बोलण्याबद्दल सासरी काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना मी करू शकतो.

मग अनिलचं पत्र आलं. पहिल्या नोटिशीला त्याने उत्तर दिलं नव्हतं. दुसरी त्याच्या धर्मग्रामाच्या फादरांच्या हाती गेली तेव्हा त्याने अर्धं पान लिहून पाठवलं. त्यातलं एक वाक्य महत्त्वाचं: “मी लपवलं नाही, तिच्या वडिलांना सगळं सांगितलं होतं.”

वडील हयात नव्हते. सुनीताने आईला विचारलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की हो, मामांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं: मुलगा पूर्वी थोडी घ्यायचा, आता सोडली आहे. यांना वाटलं, सोडली तर कशाला पोरीच्या डोक्यात भरवायचं.

आता काय करायचं? भावाचं म्हणणं, आईला साक्षीला बोलवूच नका. वडील गेले, अनिलच्या शब्दाला आधार नाही, विषय तिथेच संपेल. कोर्टकचेरीत वाढलेल्या माणसाला हा सल्ला सहज सुचतो. सुनीताने दोन दिवस घेतले आणि आईला साक्षीला नेलं. माझ्याशी बोलताना ती एवढंच म्हणाली, “मला लपवाछपवीचा निकाल नकोय, सर. तेच तर माझ्याबरोबर झालं.” नैतिक बाजू सोडली तरी हा निर्णय शहाणपणाचा होता. मामींच्या जबाबात ‘मुलीच्या वडिलांना थोडं सांगितलं’ असा उल्लेख आधीच येऊन गेला होता, आणि तो आम्हाला नंतर कागद वाचायला मिळाले तेव्हा कळला. आई नसती आली तर सुनीताचीच विश्वासार्हता गेली असती.

न्यायपीठात विवाहबंधनाचा रक्षक नावाचा अधिकारी असतो. लग्न वैध आहे असं मानून त्याच्या बाजूने जे काही म्हणता येईल ते म्हणणं हे त्याचं काम. अनेकांना तो विरोधी वकील वाटतो आणि राग येतो. त्याने इथे तीन गोष्टी काढल्या. वडिलांना अंशतः माहीत होतं. कार्ड सापडल्यावरही ती परत नांदायला गेली. आणि कोर्टातल्या संमतीच्या अर्जात कारण लिहिलं होतं ‘स्वभाव न जुळल्यामुळे’. तिथे स्वभाव आणि इथे फसवणूक, हे कसं?

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त टोचला. वकिलाने सवयीने टाकलेलं ते एक वाक्य. परस्पर संमतीच्या अर्जाला, म्हणजे त्याच १८६९ च्या कायद्यातल्या कलम १०अ ला, कारणाची गरजच नसते: दोन वर्षं वेगळे राहतो, एकत्र राहणं शक्य नाही, दोघांनी मिळून विवाह संपवायचं ठरवलं आहे, बस्स. सुनीताला लेखी खुलासा द्यावा लागला की ती भाषा वकिलाची होती आणि तिला बदनामी टाळायची होती.

निकाल

२०२३ च्या अखेरीस निकाल आला. कॅनन १०९८ खाली विवाह निरर्थक असल्याचं सिद्ध झालं असं न्यायाधीशांनी ठरवलं. त्यांच्या कारणमीमांसेचा गाभा असा: संमती मुलीने दिली, वडिलांनी नाही, मुलीला काहीच माहीत नव्हतं, आणि तिने थेट विचारल्यावर तिला उडवाउडवीचं उत्तर मिळालं. ‘पूर्वी थोडी घ्यायचा’ आणि ‘दोनदा उपचार घेऊन पुन्हा घसरलेला’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लग्नापूर्वीच्या चौकशीचा फॉर्म भुसावळच्या दप्तरात जपलेला होता. जोडीदारापासून काही गंभीर गोष्ट लपवली आहे का, या प्रश्नापुढे निळ्या शाईत अनिलच्या अक्षरात ‘नाही’ होतं आणि खाली सही. परत नांदायला जाण्याबद्दल न्यायाधीशांनी मानलं की सत्य कळताच ती घराबाहेर पडली होती, आणि तान्हं मूल असलेल्या बाईने शपथेवर विश्वास ठेवणं म्हणजे सगळं आधीपासून मान्य असणं नव्हे.

कॅनन १०९५ खाली मात्र निकाल विरुद्ध गेला. मानसोपचार तज्ज्ञाने कागद पाहिले, अनिल मुलाखतीला आला नाही. २०१४ मध्ये तो नोकरी करत होता, व्यवहार सांभाळत होता. त्या दिवशी तो असमर्थच होता असं म्हणायला पुरावा अपुरा. मला हे पटलं. दारूचं व्यसन आहे म्हणजे माणूस लग्नाला अपात्र, असं सरसकट म्हटलं तर खानदेशातली किती लग्नं उरतील?

अपिलाच्या पंधरा दिवसांत कोणी अपील केलं नाही. विवाहाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शेरा पडला. निकालात अनिलवर एक बंधन घातलं: बिशपांच्या परवानगीशिवाय त्याने चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं नाही. सुनीतावर काही बंधन नाही.

धुळ्याचं स्थळ तोवर गेलं होतं. दोन लहान मुलं असलेल्या विधुराला थांबणं जमलं नाही, आणि त्याला दोष देण्यासारखं काही नाही. सुनीता अजून एकटी आहे, आणि तूर्त तिची घाईही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चर्चचा विचार घटस्फोटाच्या अर्जाआधीच व्हायला हवा होता. चर्चमध्ये प्रकरण आधी दाखल करायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. संसार पुन्हा जुळणार नाही याची न्यायाधीशाला खात्री पटावी लागते आणि त्यासाठी हुकूमनामा हाताशी असणं बरंच. पण २०१९ मध्ये वकील आणि फादर एकदा एका खोलीत बसले असते तर ‘स्वभाव न जुळल्यामुळे’ हे शब्द कागदावर आलेच नसते. आणि स्थळ येईपर्यंत न थांबता २०२१ मध्येच अर्ज गेला असता, तर धुळ्याच्या माणसाला थांबावं लागलंच नसतं.

१०९५ जोडल्याने तज्ज्ञाचं मत, त्यासाठीच्या तारखा, अनिलला मुलाखतीची बोलावणी असे कित्येक महिने वाढले. एकच कारण भक्कम असेल तर दुसरं सोबतीला घ्यावं का? जाणकारांत यावर मतभेद आहेत. कार्डावर मामांची सही नसती तर मी दुसरं कारण ठेवाच म्हणालो असतो. या प्रकरणात ते नसतं तरी चाललं असतं.

डिस्चार्ज कार्डची मूळ प्रत सुनीताने जपली होती हे नशीब. केंद्राकडे विचारणा केली तेव्हा त्यांनी रुग्णाच्या संमतीशिवाय काही देता येणार नाही असं सांगितलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. घरात सापडलेला असा कागद रागाने फाडणारे लोक मी पाहिले आहेत.

मागच्या वर्षी मामी भेटल्या. अनिल दीड वर्ष पीत नाही, व्यसनमुक्तीच्या बैठकींना जातो, त्याच्यासाठी स्थळ बघायचं म्हणतात, काय करावं लागेल? मी सांगितलं की कोर्टाच्या बाजूने तो मोकळा आहे, चर्चमध्ये मात्र आधी बंधन उठवण्यासाठी अर्ज करावा लागेल, उपचारांचे आणि आत्ताच्या तब्येतीचे कागद जोडून. आणि मुलगी बघायला जाण्याआधी तेच कागद मुलीच्या हातात द्यायचे. वडिलांच्या नव्हे, मुलीच्या. मामींनी विचारलं, “मग कोण देईल हो मुलगी?” मी म्हटलं, देईल कोणीतरी, वेळ लागेल. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि अर्ज कोणाच्या नावे लिहायचा ते उतरवून घेतलं.